नैसर्गिक कुटुंबनियोजन: निवडायचं का, आणि निवडलं तर करायचं कसं

"पाळीनंतरचा आठवडा आणि पाळीआधीचा आठवडा सुरक्षित असतो ना?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. आणि विचारणाऱ्यांपैकी कितीतरी जणींनी तो दिवस राहिल्यानंतर विचारला आहे. मी आधी काही वर्षं स्वतः शरीराच्या तापमानाचा आणि योनीतल्या स्रावाचा रोजचा तक्ता भरत होते, नंतर इतर जोडप्यांना शिकवू लागले. नैसर्गिक पद्धतीवर माझा विश्वास आहे. म्हणूनच बोटांवर दिवस मोजण्याला कुणी "नैसर्गिक पद्धत" म्हटलं की मला वाईट वाटतं. त्या मोजणीत शरीराकडे कुणी बघतच नाही. खरी पद्धत रोज शरीराकडे बघते, लिहून ठेवते आणि लिहिलेलं वाचूनच ठरवते.

हा लेख दोन भागांत वाचा. ही पद्धत तुमच्यासाठी आहे का, हे आधी ठरवा. उत्तर "नाही" आलं तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. तांबी, गोळ्या, कंडोम, इंजेक्शन यांतलं काही निवडण्यात कमीपणा नाही.

आधी एक प्रश्न, तोही दोघांनी मिळून

उद्या पाळी चुकली आणि तपासणीत दिवस राहिल्याचं कळलं, तर काय होईल? उत्तर "थोडं लवकर झालं, पण सांभाळून घेऊ" असं असेल तर ही पद्धत शिकायला हरकत नाही. पण गरोदरपणात जिवाला धोका असेल, बाळाला अपाय करणारी औषधं चालू असतील, किंवा आत्ता मूल अजिबात परवडणारं नसेल, तर ज्यात रोज काही लक्षात ठेवावं लागत नाही असं साधन घ्या. अशा वेळी तांबी किंवा दंडात बसवायचं इम्प्लांट ही माझ्या मते जास्त शहाणपणाची निवड आहे.

दुसरं, "नाही" म्हटलेलं घरात ऐकलं जातं का? दर महिन्यात सुमारे दहा ते बारा दिवस एकतर संबंध टाळायचे असतात, नाहीतर कंडोम वापरायचा असतो. जोडीदार ऐकत नसेल, जबरदस्ती करत असेल किंवा दारूच्या नशेत येत असेल, तर तक्ता कितीही नेटका भरला तरी तो तुम्हाला वाचवू शकत नाही. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे, कारण बऱ्याच जणी "त्यांना आवडत नाही" एवढंच म्हणून गप्प होतात. त्यांच्यासाठी स्वतःच्या ताब्यात राहणारं साधन हवं.

तिसरं, लैंगिक संबंधांतून होणारे आजार ही पद्धत अजिबात थांबवत नाही. तशी थोडीही शंका असेल तर कंडोम हवाच.

पाळी फार अनियमित असेल, पीसीओएसचा (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित करणाऱ्या विकाराचा) त्रास असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, गोळ्या किंवा इंजेक्शन नुकतंच बंद केलं असेल, किंवा पाळी जायचं वय जवळ आलं असेल, तर पद्धत अशक्य नाही, पण अवघड आहे. अशा वेळी एकटीने, नुसतं वाचून सुरुवात करू नका.

हे दिवस येतात कुठून

एका चक्रात, म्हणजे एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीपर्यंत, बीज साधारण एकदाच सुटतं आणि ते १२ ते २४ तासच जगतं. पुरुषाचे शुक्राणू मात्र अनुकूल स्राव असेल तर स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस, एवढ्याच काळात गर्भ राहू शकतो. मोजून सहा दिवस. मग दहा-बारा दिवस का सांभाळायचे? बीज कधी सुटणार हे आधी नक्की कळत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते.

१९२० च्या दशकात जपानमध्ये क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हर्मान क्नाउस या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट दाखवली: बीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. मोजणी मागून आहे, पुढून नाही. सगळा घोळ इथेच होतो. २८ दिवसांच्या चक्रात बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटेल, पण २४ दिवसांच्या चक्रात ते दहाव्या दिवशीच सुटू शकतं. अशा बाईने पाळीच्या पाचव्या दिवशी, "अजून पाळीच चालू आहे" असं समजून संबंध ठेवले तरी दिवस राहू शकतात. पुढची पाळी कधी येणार हे आधी माहीत नसतं, म्हणून नुसत्या मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही.

कोणती पद्धत किती टिकते

वर्षभरात दर शंभर बायकांमागे कितींना दिवस राहतात, या हिशेबाने बघू. काहीच वापरलं नाही तर सुमारे ८५. कंडोम प्रत्येक वेळी अचूक वापरला तर २, पण प्रत्यक्षात माणसं वापरतात तसा वापरला तर १३. गोळ्यांनी प्रत्यक्षात ७ आणि तांबीने १ पेक्षाही कमी. वेळेवर बाहेर काढण्यावर विसंबलं तर प्रत्यक्षात २० च्या घरात.

नैसर्गिक पद्धतींमध्ये फरक मोठा आहे, आणि तो न सांगताच लोक "नैसर्गिक पद्धत चांगली" किंवा "बेकार" असं बोलून मोकळे होतात. ज्यांचं चक्र कायम २६ ते ३२ दिवसांचं असतं, त्यांनी आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत सांभाळायचं, ही ठरावीक दिवसांची पद्धत. अचूक पाळली तर ५, प्रत्यक्षात १२. वर्षातून दोनदा चक्र या मर्यादेबाहेर गेलं की ही पद्धत सोडायची. "आज स्राव होता का, काल होता का" एवढे दोनच प्रश्न रोज विचारायचे आणि दोन्हींचं उत्तर "नाही" आलं तरच मोकळं राहायचं, ही दोन दिवसांची पद्धत. अचूक ४, प्रत्यक्षात १४. ऑस्ट्रेलियात जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने रुजवलेली फक्त स्राव बघायची पद्धत अचूक पाळली तर ३ वर राहते, प्रत्यक्षात मात्र २३ पर्यंत जाते.

स्राव आणि तापमान दोन्ही मिळून बघण्याच्या पद्धतीत आकडे अचूक वापरात ०.४ आणि प्रत्यक्षात २ च्या आसपास येतात. पण हे आकडे मुख्यतः जर्मनीतल्या, नीट शिकवलेल्या आणि मनापासून तक्ता भरणाऱ्या ९०० बायकांच्या अभ्यासातून आले आहेत. न शिकता, आठवेल तेव्हा तापमान घेऊन हा आकडा आपल्याला लागू होईल असं समजू नका. मी शिकवते ती हीच पद्धत, आणि पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

पायरी पहिली: थर्मामीटर आणि वही

दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या. ताप बघायच्या साध्या थर्मामीटरवर एकच आकडा दिसतो आणि बीज सुटल्यावर होणारी, आपल्याला पकडायची तापमानाची वाढ जेमतेम ०.२ अंश सेल्सियसची असते, फॅरनहाइटमध्ये ०.४. तेवढ्या फरकात एक आकडा पुरत नाही.

सकाळी डोळे उघडले की आधी थर्मामीटर. उठून बसण्याआधी, पाणी पिण्याआधी, फोन हातात घेण्याआधी. त्याआधी निदान तीन तास सलग झोप झालेली हवी. तोंडात जिभेखाली घेणार असाल तर पूर्ण चक्र तिथेच घ्या. मध्येच काखेत घेतलेला आकडा आधीच्या आकड्यांशी जुळत नाही. काखेतलं तापमान मी कुणालाच सुचवत नाही, फार हलतं. थर्मामीटर उशाशी ठेवा. कपाटात ठेवलात तर तो आणायला उठाल आणि वाचन बिघडेल.

तक्ता चौकटीच्या वहीवर काढा. आडवे चक्राचे दिवस, उभे तापमानाचे आकडे, खाली स्रावासाठी एक ओळ आणि शेजारी टिपणासाठी जागा. रात्री उशिरा झोपले, ताप आहे, प्रवास झाला, मद्य घेतलं, रात्रपाळी होती, असं काही असेल तर त्याच दिवशी लिहा. माझ्या एका तक्त्यात बाराव्या दिवशी तापमान एकदम वर गेलेलं दिसतं. त्या रात्री मूल आजारी होतं आणि मी चारदा उठले होते. टिपण होतं म्हणून तो आकडा गोल करून बाजूला ठेवता आला. नसतं, तर बीज सुटलं असं समजून बसले असते.

तक्ता जोडीदाराने लिहावा, असं मी आग्रहाने सांगते. आकडा तुम्ही वाचा, पेन्सिल त्यांच्या हातात द्या. जो माणूस रोज सकाळी लिहितो त्याला रात्री समजावून सांगावं लागत नाही.

पायरी दुसरी: स्राव ओळखणं

बायकांना इथेच संकोच वाटतो. लहानपणापासून "पांढरं जाणं" म्हणजे आजार असंच ऐकलेलं असतं. महिन्यातल्या ठरावीक दिवशी येणारा, वास नसलेला, खाज नसलेला स्राव हा आजार नाही. बीज तयार होत असल्याची ती खूण आहे.

दिवसातून दोन-तीनदा, लघवीला जाण्याआधी कागदाने पुसून बघा. आधी संवेदना: कोरडं वाटतंय, दमट वाटतंय की ओलसर घसरडं? मग कागदावर काय आहे ते: काहीच नाही, चिकट आणि तुटक, दह्यासारखं पांढरट, की अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखं पारदर्शक? शेवटी अंगठा आणि पहिलं बोट यांत घेऊन हळूच लांबवा. सुरुवातीचा स्राव लगेच तुटतो. बीज सुटायच्या सुमाराचा चार-पाच सेंटिमीटरपर्यंत ताणला जातो आणि तार न तुटता चमकतो. पहिल्यांदा ती तार बोटांत दिसली तेव्हा माझी एक विद्यार्थिनी म्हणाली होती, "हे मला शाळेत का नाही सांगितलं?" मलाही तेच वाटतं.

दिवसभरात दिसलेली सगळ्यात ओली, सगळ्यात घसरडी अवस्था रात्री लिहायची. सकाळी कोरडं आणि दुपारी ताणणारं दिसलं तर तक्त्यावर "ताणणारं" जातं. संबंधानंतरचं वीर्य, कंडोमवरचं वंगण, जंतुसंसर्ग यांनी वाचन फसतं. शंका आली तर तो दिवस असुरक्षित धरा. खाज, घाण वास, हिरवट किंवा दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव असेल तर तक्ता बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

ताणणाऱ्या, घसरड्या स्रावाचा शेवटचा दिवस म्हणजे शिखराचा दिवस. तो त्याच दिवशी कळत नाही. दुसऱ्या दिवशी स्राव पुन्हा घट्ट झाला किंवा कोरडं झालं की मग मागे वळून "काल शिखर होतं" असं लिहायचं.

पायरी तिसरी: एक चक्र वाचून बघू

एका २९ दिवसांच्या चक्राचं उदाहरण घेऊ. पहिले पाच दिवस पाळी. सहा ते आठ कोरडं. नवव्या दिवशी दमटपणा आणि चिकट स्राव. इथून असुरक्षित काळ सुरू. अकराव्याला पांढरट, चौदाव्यापासून ताणणारं, सोळाव्या दिवशी अजून ताणणारं, सतराव्याला एकदम घट्ट. शिखर सोळावा दिवस.

दहा ते पंधरा या सहा दिवसांचं तापमान: ३६.४०, ३६.४५, ३६.४०, ३६.३५, ३६.४५, ३६.४०. यातलं सगळ्यात वरचं ३६.४५, त्यावर आडवी रेघ मारा. सोळाव्याला ३६.५५, सतराव्याला ३६.६५, अठराव्याला ३६.७०. नियम असा: सलग तीन आकडे आधीच्या सहाही आकड्यांच्या वर हवेत आणि तिसरा आकडा रेघेच्या निदान ०.२ वर हवा. ३६.४५ मध्ये ०.२ मिळवले की ३६.६५, आपला तिसरा ३६.७० आहे, म्हणजे तापमानाची अट अठराव्या दिवशी पूर्ण झाली. तिसरा आकडा कमी पडला असता तर चौथ्याची वाट बघायची. तोही रेघेच्या वर असला की पुरे.

आता स्रावाची अट: शिखरानंतर पूर्ण तीन दिवस. सतरा, अठरा, एकोणीस. दोन खुणांपैकी जी उशिरा पूर्ण होते ती धरायची. म्हणून एकोणिसाव्या दिवसाच्या संध्याकाळपासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ सुरक्षित. या पद्धतीतला सगळ्यात भरवशाचा काळ हाच, कारण बीज सुटून मेलेलं असतं आणि त्याच चक्रात दुसरं सुटायची भीती उरलेली नसते. तीसाव्या दिवशी पाळी आली, नवा तक्ता सुरू.

पाळी सुरू झाल्यानंतरचे दिवस तितके पक्के नाहीत. तिथे पुढे काय होणार याचा अंदाज असतो. पहिले तीन तक्ते पूर्ण होईपर्यंत फक्त बीज सुटल्यानंतरचा काळ मोकळा धरा, बाकी सगळ्या दिवशी कंडोम वापरा किंवा संबंध टाळा. त्यानंतरही पहिले पाच दिवस मोकळे धरायचे ते आधीच्या चक्रात तापमानाची वाढ स्पष्ट दिसली असेल तरच, कारण मधेच होणारा रक्तस्राव पाळीसारखा दिसू शकतो. आणि गेल्या वर्षातलं एखादं चक्र २५ दिवसांपेक्षा लहान असेल तर ते पाच दिवसही मोकळे धरू नका. दमटपणा जाणवला की मोकळे दिवस तिथेच संपले, दिवस कितवाही असो.

असुरक्षित दिवसांत

दोनच रस्ते आहेत: पूर्ण टाळणं किंवा कंडोम. बाहेर काढणं हा तिसरा रस्ता नाही. कंडोम वापरणार असाल तर हे लक्षात ठेवा की तुम्ही तो नेमका गर्भ राहू शकणाऱ्या दिवसांत वापरताय. फाटला तर धोका खराच आहे. तसं झालं तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी ७२ तासांच्या आत आणि जितक्या लवकर तितकी बरी, किंवा पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवणं, हे दोन उपाय आहेत. तांबी जास्त खात्रीची. गोळीमुळे ते चक्र विस्कटतं, म्हणून पुढची खरी पाळी येऊन नव्या तक्त्यात वाढ दिसेपर्यंत काहीही सुरक्षित धरायचं नाही.

फोनवरच्या ॲपबद्दल सगळेच विचारतात. वही म्हणून ॲप चांगलं आहे. पण बरीचशी ॲप आधीच्या तारखांवरून पुढचा अंदाज बांधतात आणि दिवसाला हिरवा रंग देतात. तो रंग तुमच्या आजच्या स्रावावरून आलेला नसतो. अंदाज दाखवणारा भाग बंद करता येत असेल तर बंद करा. लघवीत बघायच्या ओव्ह्युलेशन पट्ट्याही मूल हवं असणाऱ्यांच्या कामाच्या. त्या बीज सुटण्याच्या दीड-एक दिवस आधी खूण दाखवतात, आणि शुक्राणू पाच दिवस जगतात. टाळायचं असेल तर ती खूण फार उशिरा येते.

बाळंतपणानंतर आणि गोळ्या सोडल्यावर

"अजून पाळी आली नाही, काळजी नाही" हे चुकीचं आहे. पहिल्या पाळीच्या आधी बीज सुटलेलं असू शकतं. अंगावर पाजण्याचा आधार मिळतो, पण तीन अटी एकत्र पाळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि बाळ फक्त अंगावर पितंय, तेही दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा मोठी खंड न पडता. यातली एक जरी अट मोडली, बाळ रात्रभर शांत झोपायला लागलं एवढं जरी झालं, तरी त्याच दिवसापासून दुसरं साधन हवं.

गोळ्या बंद केल्यावर येणारा पहिला रक्तस्राव खरी पाळी नसतो. तक्ता तेव्हापासून भरायला घ्या, पण निदान तीन नैसर्गिक चक्रं होईपर्यंत त्यावर विसंबू नका. तीन महिन्यांच्या इंजेक्शननंतर पाळी रुळावर यायला कितीतरी महिने जाऊ शकतात, तोवर कंडोमच ठेवा.

शिकवणारं कुणी भेटलं तर पहिले तीन-चार तक्ते त्यांच्याकडून तपासून घ्या. स्वतःच्या तक्त्यात आपल्याला हवं तेच दिसतं. "आज कोरडंच आहे बहुतेक" असं लिहायची इच्छा होते, विशेषतः शनिवारी. "बहुतेक" हा शब्द तक्त्यात आला की तो दिवस असुरक्षित.

आणि पाळी लांबली तर घाबरण्याआधी तक्ता काढा. वाढ उशिरा झाली असेल तर पाळीही तितकीच उशिरा येणार, कारण वाढीनंतरचे दिवस प्रत्येकीचे साधारण ठरलेले असतात, बहुतेकींचे १२ ते १६ च्या दरम्यान. पण तापमान चढलं आणि सलग १८ दिवस वरच राहिलं, तर त्याच सकाळी तपासणीची पट्टी आणा.